'वऱ्हाड' पडद्यावर कसे उमटले? ठिगळे तपासणाऱ्यांचा इतिहास

१/
१९०३ ते १९५० या काळात नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, त्याचे मराठी नाव 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. सरकारी कागद, शाळेची पुस्तके, वृत्तपत्रांचे मथळे, सर्वत्र हे नाव बिनचूक छापले जाई. पुढे संगणक आला, आणि छापखान्यातल्या कोणत्याही जुळाऱ्याला सहज साधणारा हा शब्द यंत्राला साधेना. पडद्यावर 'वर्हाड' उमटू लागले. ही त्या चुकीची, ती दुरुस्त करणाऱ्यांची आणि विशेषतः दुरुस्ती खरोखर झाली आहे का हे पाहणाऱ्यांची हकीकत. (दीर्घ धागा)

२/
प्रथम अक्षराविषयी. 'र' पुढच्या व्यंजनाला जोडताना मराठीत दोन रूपे घेतो. एक डोक्यावरचा रफार : आचार्य, दर्या. दुसरे अक्षराच्या डावीकडे येणारे आडवे, पापणीसारखे वळण : आचाऱ्याला, दऱ्या. इंग्रजीत त्याला 'पापणीचा र' असेच म्हणतात. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. 'आचार्यांना बोलवा' म्हटले तर गुरुजी येतात, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी. दर्या एक समुद्र, दऱ्या अनेक आणि डोंगरांतल्या. हिंदीला हे रूप लागत नाही. मराठीला प्रत्येक परिच्छेदात लागते.

३/
शिशाच्या खिळ्यांच्या काळात अडचण नव्हती. नागपुरात गोपाळराव ओगले यांचे 'महाराष्ट्र' निघत असे, तेव्हा जुळाऱ्याने खणातून त्या आकाराचा खिळा उचलला की काम झाले. पुढे डीटीपी आले तेव्हाही तसेच घडले. त्या काळचे फाँट म्हणजे खिळ्यांची पेटीच होती. कोणत्या कळीवर कोणता तुकडा, एवढेच ठरलेले. 'वऱ्हाड' कागदावर सुरेख उमटे. मात्र तीच फाइल दुसऱ्या कंपनीचा फाँट असलेल्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसे.

४/
हा गोंधळ संपवण्यासाठी युनिकोड आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात आरंभापासून होती. त्याच वर्षी भारतीय मानक 'इस्की'ही प्रसिद्ध झाले. युनिकोडची भूमिका अशी : साठवायचे ते अक्षर, आकार नव्हे. 'पापणीच्या र'ला स्वतंत्र घर मिळाले नाही. तो कसा घडवायचा याचा नियम मिळाला, आणि तोही दुहेरी. 'इस्की'शी सुसंगत असा एक मार्ग : 'ऱ' हे अक्षर आणि त्यापुढे हलन्त. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगत असा दुसरा : साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्हींचा आकार एकच दिसला पाहिजे.

५/
नियम कागदावर होता. तो पडद्यावर उतरवण्याचे काम अक्षरजुळणी करणाऱ्या प्रणालीचे. ओपन सोर्स जगात त्या काळी अशी एक प्रणाली नव्हती, तीन होत्या. ग्नोममध्ये पँगो, केडीईत क्यूटी, ओपनऑफिसमध्ये आयसीयू. प्रत्येकीत देवनागरीची संहिता वेगळी. त्यामुळे एका खिडकीत नीट दिसणारा शब्द शेजारच्या खिडकीत मोडलेला असू शके, आणि एकीतली दुरुस्ती दुसरीला कळत नसे.

६/
येथे 'पॅच' या शब्दाकडे वळावे लागेल. पॅच म्हणजे ठिगळ, आणि हा अर्थ एकेकाळी शब्दशः खरा होता. आज्ञावली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर असे; चुकीचे छिद्र पडले की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' याच नावाचा छोटा प्रोग्राम यूजनेटवर प्रसिद्ध केला. मूळ संहिता आणि सुधारित संहिता यांतला फरक तेवढा पाठवायचा. समोरच्याच्या संगणकावर हा प्रोग्राम तो योग्य जागी बसवतो. संपूर्ण फाइल पाठवण्याची गरज उरली नाही. कधीही न भेटलेली माणसे एकाच वस्त्राला ठिगळे लावू लागली.

७/
ठिगळ लावणे सोपे झाले, ते टिकते का हे पाहणे मात्र सोपे झाले नाही. १९९१ मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केले. १९९७ मध्ये एरिक रेमंड यांनी त्यावरून एक सिद्धान्त मांडला : पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणतीही चूक खोल दडून राहत नाही. या सिद्धान्ताचा बराच गाजावाजा झाला. 'पुरेसे असतील तर' ही अट मात्र बहुतेकांनी वाचली आणि सोडून दिली.

८/
२००१ च्या हिवाळ्यात त्या अटीची किंमत कळली. लिनक्स कर्नेलची २.४ ही मालिका 'स्थिर' म्हणवली जात होती. तरीही २.४.११ ही आवृत्ती बाहेर पडताच 'वापरू नका' असा शिक्का तिच्यावर मारावा लागला. नोव्हेंबरात २.४.१५ आली. संगणक बंद करताना डिस्कवरील फाइलव्यवस्थाच बिघडवणारा दोष तिच्यात होता. अंतिम म्हणून जे प्रसिद्ध झाले, ते प्रसिद्धीपूर्वी पुरेशा संगणकांवर चाललेच नव्हते.

९/
याच सुमारास २.४ मालिकेची जबाबदारी मार्सेलो तोसात्ती या ब्राझीलच्या तरुणाकडे आली. वय अवघे अठरा. त्याने २.४.१६ काढून दोष निस्तरला आणि २.४.१७ पासून अंतिम आवृत्तीपूर्वी 'आरसी', म्हणजे उमेदवार आवृत्ती, काढण्याची पद्धत स्वीकारली. हाच मसुदा अंतिम होणार आहे, आता यात नवे काही शिरणार नाही, तपासायचे असेल तर आत्ता तपासा. हा बदल तांत्रिक वाटतो, पण त्याने स्वयंसेवकाला एक नेमके लक्ष्य दिले. रोज बदलणाऱ्या वस्तूची चाचणी घेण्यात कोणाला उत्साह वाटणार?

१०/
तपासनिसांचा तुटवडा का पडतो, हे समजून घेण्याजोगे आहे. पॅच लिहिणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. तपासणाऱ्याला अस्थिर प्रणाली स्वतःच्या संगणकावर चढवावी लागते, आपल्या फाइली पणाला लावाव्या लागतात, आणि सर्व ठीक निघाले तर सांगण्यासारखे काहीच हाती उरत नाही. 'चालते' एवढा एकच शब्द. तो शब्द मोलाचा असतो, पण तो लिहिण्यासाठी कोणी रात्र जागवत नाही.

११/
मराठीच्या बाबतीत हा तुटवडा दुहेरी होता, आणि या साऱ्या कथेचे मर्म येथे आहे. हार्डवेअरचा पॅच जगातील कोणीही तपासू शकतो. ध्वनी येतो की नाही हे कळायला भाषा लागत नाही. 'वऱ्हाड' नीट उमटले की नाही हे मात्र मराठी वाचणाराच सांगू शकतो. बोस्टन किंवा बर्लिन येथील अभियंत्याला 'वर्हाड' आणि 'वऱ्हाड' ही दोन्ही चित्रे सारखीच देखणी वाटणार. ज्यांच्या हाती संहिता होती, त्यांच्यापाशी ती नजर नव्हती.

१२/
ज्यांच्यापाशी नजर होती, त्यांना गरज नव्हती. नागपूर काय किंवा कोल्हापूर काय, मराठीचे खरे जाणकार वाचक म्हणजे मुद्रितशोधक, डीटीपी चालक, उपसंपादक, शिक्षक. त्यांचे काम जुन्या, खिळ्याच्या पद्धतीच्या फाँटवर उत्तम चालले होते. युनिकोड वापरायचे तर विंडोज एक्सपीवरसुद्धा आधी नियंत्रण कक्षात जाऊन जटिल लिप्यांचा पर्याय निवडावा लागे, आणि वर मूळ सीडीही घालावी लागे. एवढे सोपस्कार करून पदरात काय पडणार, तर मोडका 'र'. मग लिनक्सची कच्ची आवृत्ती चढवून दोष कळवणे तर दूरच.

१३/
तरीही काम सुरू झाले. मुंबईत प्रकाश अडवानी आणि वेंकटेश हरिहरन यांनी इंडलिनक्स हा उपक्रम उभा केला. त्याची तांत्रिक धुरा जी. करुणाकर यांनी वाहिली. व्हीजेटीआय या मुंबईच्या अभियांत्रिकी संस्थेतील प्रा. जितेंद्र शहा यांच्या पुढाकाराने इंडिक्ट्रान्स गट काम करू लागला. 'गार्गी' हा मुक्त देवनागरी फाँट त्यातूनच आला. पुण्यात रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये 'लोहित' फाँट मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. ते मुळात पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले होते. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीवर केलेली ही संस्कृत कोटी.

१४/
चाचणीची पहिली अडचण साधनांची होती. मंद डायल-अपवर सातशे एमबीची फाइल कोण उतरवणार? या काळात लिनक्स गावोगाव पोहोचले ते चकतीवर. 'लिनक्स फॉर यू' हे मासिक २००३ मध्ये सुरू झाले आणि सीडीसह येऊ लागले. उबुंटूने २००५ पासून २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने विनामूल्य सीडी घरी धाडल्या. या साऱ्यांहून महत्त्वाचा शोध जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी लोकप्रिय केला : लाइव्ह सीडी. संगणकावर काहीही न चढवता थेट सीडीवरून प्रणाली चालवायची. वडिलांच्या संगणकावरील हिशेबाच्या फाइली जशाच्या तशा, आणि चाचणीही पार पडली. महाविद्यालयीन मुलांना चाचणीच्या वर्तुळात आणण्याचे मोठे श्रेय या चकतीला द्यावे लागेल.

१५/
दुसरी अडचण अहवालाची. 'मराठी नीट दिसत नाही' असे कोणी कळवले तर त्याचा उपयोग शून्य. कोणता शब्द, कोणत्या फाँटमध्ये, कोणत्या प्रोग्राममध्ये, 'ऱ' वापरला की अदृश्य जोडचिन्ह, फाँटची आवृत्ती कोणती, आणि पडद्याचे छायाचित्र. एवढे असेल तरच अभियंता पुढे सरकतो. मुद्रितशोधकाला हे नवे नाही. समासात नेमकी खूण न करता 'पान चुकले आहे' असे लिहिणारा मुद्रितशोधक कोणता छापखाना ठेवील?

१६/
या अडचणीवर फेडोरा प्रकल्पाने २००७ च्या सुमारास काढलेला उपाय मोठा गमतीशीर आहे. सुधारित पॅकेज प्रथम 'चाचणी' कोठारात ठेवायचे. ज्याने ते वापरून पाहिले त्याने अधिक एक किंवा उणे एक द्यावे. नेहमीचा दंडक असा की अधिक तीन झाले की पॅकेज सर्वांसाठी खुले आणि उणे तीन झाले की मागे. या गुणाला त्यांनी नाव दिले 'कर्म', आणि ज्या यंत्रणेत हे चालते तिला 'बोधी'. बोधिवृक्ष म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर दीक्षाभूमीचे आवार उभे राहते. पलीकडच्या गोलार्धातल्या प्रोग्रामरांनी तो शब्द पॅकेजच्या हिशेबासाठी निवडावा, हाही एक योगच.

१७/
या पद्धतीत एक फटही होती. सामान्य पॅकेजला पुरेसे कर्म मिळाले नाही तरी ठरावीक मुदत, पुढे एक आठवडा, लोटली की ते पुढे ढकलता येई. म्हणजे तपासणारा कोणीच फिरकला नाही तर मौन हीच संमती. मोठ्या भाषांना याची झळ लागत नाही. ज्या भाषेचे तपासनीस बोटांवर मोजण्याइतके, तिच्या फाँटमधली चूक मात्र अशा मौनातून थेट सर्वांच्या संगणकावर पोहोचू शकते.

१८/
त्यावर उतारा म्हणून 'चाचणी दिन' आले. एक दिवस ठरवायचा, त्या दिवसापुरती लाइव्ह प्रतिमा तयार ठेवायची, करून पाहण्याच्या गोष्टींची यादी द्यायची, आणि शंका आली तर अभियंते गप्पाकक्षात हजर. भाषा व फाँट यांच्यासाठी असे स्वतंत्र दिवस झाले, आणि त्यांत पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा राहिला. वर्षभर 'कधीतरी तपासा' असे सांगून जे होत नाही, ते 'गुरुवारी तपासा' म्हटल्यावर होते. पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये २००३ पासून भरू लागलेल्या 'ग्नुनिफाय' मेळाव्यांनीही अशी बरीच माणसे एकत्र आणली.

१९/
सर्वांत कल्पक उपाय मात्र पुण्यातूनच आला. रेड हॅटमधील प्रवीण सातपुते व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'युनिकोड टेक्स्ट रेंडरिंग रेफरन्स सिस्टिम' नावाचा प्रकल्प मांडला. तो 'यूटीआरआरएस' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. कल्पना साधी : प्रत्येक अक्षराचे व जोडाक्षराचे योग्य चित्र एका बाजूला, आणि तेच अक्षर पाहणाऱ्याच्या संगणकावर कसे उमटते ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही सारखी आहेत का, एवढेच सांगायचे. संहितेची एक ओळही कळण्याची आवश्यकता नाही. चौथीतल्या मुलालाही हे काम जमावे. संहिता आणि नजर यांमधली जी दरी वर सांगितली, तिच्यावर टाकलेला हा पूल होता.

२०/
या याद्या पुढे एका मोठ्या प्रकल्पात सामावल्या गेल्या. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फहबोद यांनी पँगो, क्यूटी आदी सर्वांना एकच सामायिक अक्षरजुळणी प्रणाली असावी म्हणून 'हार्फबझ' विकसित केली. नाव फारसी आहे : 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाज' म्हणजे खुले. मराठीतला 'हरफ' तो हाच. हार्फबझच्या चाचणीसंग्रहात देवनागरीसाठी 'यूटीआरआरएस' नावाचा कप्पाच आहे.

२१/
हार्फबझची चाचणी यंत्रानेही झाली. विकिपीडियातून शब्द काढायचे, ते हार्फबझमधून आणि विंडोजच्या प्रणालीतून चालवायचे आणि निकाल ताडून पाहायचे. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द अशा रीतीने तपासले गेले, आणि जुळत नसलेल्यांची संख्या हळूहळू शंभराच्या आत आली. आता प्रश्न त्या उरलेल्या मूठभर शब्दांचा. दोघांत मतभेद आहे, पण चूक कोणाची? कधी हार्फबझची, कधी विंडोजची. यंत्र येथे थांबते आणि भाषा जाणणाऱ्या वाचकाकडे पाहते.

२२/
ही प्रणाली २०१२ मध्ये पँगोत आली. २०१३ मध्ये लिनक्सवरील लिब्रेऑफिसने आणि २०१७ मध्ये सर्वच मंचांवरील लिब्रेऑफिसने ती स्वीकारली. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांतही तीच. तीन ठिकाणी तीनदा लावावे लागणारे ठिगळ एकदाच लावणे शक्य झाले. अर्थात चूक झाली तर तीही एकदम कोट्यवधी फोनांत पोहोचणार, म्हणून तपासनिसाचे मोल उलट वाढले.

२३/
'र'प्रमाणेच 'ॲ'चीही कथा आहे, थोडक्यात. नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्याने 'ॲड.' लिहिलेल्या पाट्या शहरात जागोजागी दिसतात. या अक्षराला एप्रिल २००८ पर्यंत युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान नव्हते. लोक 'अ'वर चंद्र चढवून वेळ मारून नेत, आणि काही प्रणाली तो चंद्र एका ठिपक्यांच्या वर्तुळावर बसवून दाखवीत. युनिकोड ५.१ ने जागा दिली. त्यानंतर प्रत्येक फाँट, प्रत्येक कळफलक आणि प्रत्येक शोधयंत्रणा यांत ती भर घालून पुन्हा तपासणे आले. २००९ मध्ये राज्य शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' यांचाही आग्रह धरला. ते आकार उमटण्यासाठी फाँटला 'हा मजकूर मराठी आहे' हे कळावे लागते, आणि तेथेही तपासणीला अंत नाही.

२४/
श्रेयाचे काय? लिनक्स कर्नेलमध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचखाली सही करण्याची प्रथा पडली. पुढे त्याच जागी 'रिपोर्टेड-बाय' आणि 'टेस्टेड-बाय' अशा ओळी रूढ झाल्या. दोष कळवणाऱ्याचे व पॅच तपासणाऱ्याचे नाव संहितेच्या इतिहासात कायमचे नोंदले जाते. एका ओळीचा हा मान, पण तो खोटा मिळवता येत नाही.

२५/
याच्या उलट टोकाचे उदाहरण २०२० च्या ऑक्टोबरातले. 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात चार पॅच पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळे. त्या वर्षी निरर्थक पॅचचा असा लोंढा आला की प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले. कोणी एखादे विशेषण घालून धाडले, कोणी नुसतीच जागा सोडून. भारतीय विद्यार्थी त्यात मोठ्या संख्येने होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलून, प्रकल्पाची संमती असेल तरच पॅच धरला जाईल, असे ठरवावे लागले. त्या हजारो हातांपैकी थोडे जरी आधीच पडून असलेले पॅच तपासण्याकडे वळवता आले असते, तर तो ऑक्टोबर वेगळ्या कारणाने स्मरणात राहिला असता. पण तपासण्याला टी-शर्ट नव्हता.

२६/
आज नागपुरातील कोणत्याही फोनवर 'वऱ्हाड' नीट उमटते. गोष्ट मात्र पुरी झालेली नाही. वर सांगितलेले दोन्ही मार्ग आजही वापरात आहेत :
वऱ्हाड
वर्‍हाड
दिसायला दोन्ही एकच, आत मात्र अक्षरांची रांग वेगळी. युनिकोडच्या नियमानुसार 'ऱ' म्हणजे 'र' आणि त्याखालचा नुक्ता. अदृश्य जोडचिन्हाशी त्याचे कोणतेही नाते नाही. त्यामुळे खास तरतूद नसलेल्या शोधयंत्रणेत एक लिहून दुसरे सापडत नाही. जुन्या वृत्तपत्रांचे, गॅझेटियरांचे, जनगणना अहवालांचे मजकूर आता युनिकोडमध्ये येत आहेत, आणि कोणी कोणता मार्ग वापरला याची नोंद कोठेच नसते.

२७/
हा धागा जेथे वाचला जात आहे, तेथील शोधपेटीत वरील दोन्ही ओळी आळीपाळीने घालून पाहाव्यात. निकाल वेगवेगळे आले तर तो दोष होय. कळवताना शब्द, फोन, प्रोग्रामची आवृत्ती आणि पडद्याचे छायाचित्र जोडावे.